जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी

पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली म्हणून कुणी ते मोडीत घालत नाही. कल्हईवाल्याची वाट पाहतो, नवी कल्हई करून घेतो आणि पातेलं आणखी कित्येक वर्षं कामाला येतं. मग घरातल्या संगणकाच्या बाबतीतच आपण इतक्या चटकन हात का झटकतो? दुकानातला मुलगा नुसतं झाकण उघडून बघतो आणि म्हणतो, "काकू, याले आता भंगारातच टाका." आपण मान डोलावतो, आणि यजमान नव्या यंत्राच्या चाळीस हजारांचा हिशेब मांडायला बसतात.

त्या मुलाचं अगदीच चुकतं असं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०'ची नेहमीची देखभाल थांबवली. घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक जादा वर्ष ठेवलं, एवढंच. पुढची 'विंडोज ११' बसवायची तर यंत्रात सुरक्षेची एक विशिष्ट चिप लागते आणि प्रोसेसरही बराच अलीकडचा लागतो; २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक संगणक त्या चाळणीतून खाली पडतात. देखभाल थांबली म्हणजे यंत्र बंद पडतं असं मात्र नव्हे. मागच्या दाराची कडी मोडली तरी घर उभंच असतं, तसंच हे. फक्त त्या घरात बँकेची पासबुकं ठेवायची की नाही, हा प्रश्न उरतो.

दुकानात आपल्याला दोनच मार्ग सांगतात. नवा घ्या, नाहीतर जोखमीने जुनाच वापरा. तिसरा मार्ग सहसा कुणी सांगत नाही, कारण त्यात विक्री होत नाही! तो म्हणजे जुन्याच यंत्राला नवी कल्हई करायची, विंडोजऐवजी लिनक्स घराण्यातली एखादी मोफत प्रणाली बसवायची. प्रणाली म्हणजे संगणक सुरू केल्याबरोबर जी उभी राहते आणि पडदा, फाइली, छपाई, इंटरनेट या सगळ्यांची व्यवस्था पाहते ती. घरात जसं कर्तं माणूस असतं, तशी.

लिनक्स हे नाव ऐकून बिचकू नका. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत 'युनिक्स' नावाची प्रणाली जन्मली. तिचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलाने आपला नवा गाभा लिहिला, आणि तो सगळ्यांना खुला करून टाकला. भोवतीची पुष्कळशी अवजारं रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या 'ग्नू' प्रकल्पातून आली. स्टॉलमन यांचा आग्रह असा की प्रणाली फुकट असून भागत नाही, ती मुक्त हवी. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे त्यांना हा फरक जन्मभर समजावून सांगावा लागला. आपल्याकडे फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं, हे पोरालाही कळतं. एखादीने चाखायला चमचाभर मसाला दिला ते फुकट. कृतीसकट डबा हाती ठेवला आणि "तुमच्या चवीनं बदला, शेजारणीलाही सांगा" म्हणाली, तर ते मुक्त.

कृती खुली असली की घरोघर मसाला वेगळा होणारच. तसे लिनक्सचे शेकड्यांनी प्रकार झाले आहेत, आणि नेमकी इथेच बाई गोंधळते. भाचा म्हणतो ही घे, इंजिनियर दीर म्हणतो ती घे. मी सांगते, दोघांचंही ऐकून घ्या, पण ठरवू तुम्हीच. ओटा किती उंच हवा हे रोज ओट्याशी उभी राहणारी ठरवते, गवंडी नाही. घरचा संगणक जी सगळ्यांत जास्त वापरते, तिच्या कामावरूनच प्रणाली निवडली पाहिजे.

आधी आठवडाभराची कामं लिहा

आमचं शिरपूर जैन हे वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं गाव. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला दूरदूरचे यात्रेकरू येतात म्हणून बाहेर नाव ठाऊक. एरवी सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याच्या भावावर ज्याचं मन खालीवर होतं असं साधं गाव. इथल्या एका घरचं उदाहरण देते, नाव काही सांगत नाही. घरचं कृषी केंद्र आहे, म्हणजे बी-बियाणं आणि खतांचं दुकान. घरातला संगणक २०१४ सालचा, ४ जीबी मेमरीचा. सकाळी सासूबाई त्यावर कीर्तन ऐकतात, दुपारी वहिनी बचत गटाचा हिशेब लिहितात, संध्याकाळी मुलीचा अभ्यास आणि रात्री यजमानांचं टॅली. हा संगणक मोडीत निघाला असता तर सगळ्यांत जास्त अडलं असतं ते वहिनींचं. नव्या यंत्रावर पहिला हक्क दुकानाचा, दुसरा मुलीच्या कॉलेजचा, आणि बचत गटाची वही पुन्हा कागदावर. हे आपल्या घरांत कसं चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

वहिनींनी काय केलं, तर जुन्या वहीच्या मागच्या पानावर आठवडाभर नोंद ठेवली, कोण संगणकावर काय करतं त्याची. अकरा कामं निघाली. त्यातली आठ ब्राउझरमध्ये होणारी होती: सातबारा पाहणं, वीजबिल, बँक, परीक्षेचा अर्ज, यूट्यूब, ईमेल, रेल्वेचं तिकीट आणि संगणकावर उघडायचं व्हॉट्सअ‍ॅप. क्रोम आणि फायरफॉक्स हे ब्राउझर लिनक्सवरही जसेच्या तसे मिळतात, तेव्हा या आठांना प्रणाली बदलल्याचं सोयरसुतक नाही. गटाचा हिशेब आणि पत्रं ही दोन कामं 'लिबर ऑफिस'मध्ये होतात. ते लिनक्सच्या बहुतेक प्रकारांबरोबर आयतंच येतं. अकरावं काम टॅली. ते विंडोजसाठीच बनवलेलं आहे, त्यामुळे ते दुकानातल्या लॅपटॉपवर हलवावं लागलं. यजमान दोन दिवस कुरकुरले, मग रात्री दुकानाचं काम घरी येत नाही हे त्यांच्याही पथ्यावर पडलं.

तुमची यादी वेगळी निघेल. टॅलीसारखंच आणखी काही जागी अडतं, ते आधीच सांगते. 'श्री-लिपी'सारख्या जुन्या छापखानी सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही पत्रिका, हँडबिलं करून देत असाल तर ती फाइल दुसरीकडे उघडताच नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. घरात सेवा केंद्राचं काम चालत असेल, अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीची किल्ली लावावी लागत असेल, तर विंडोज हलवू नका. एमएस-सीआयटी किंवा मराठी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणारं कुणी असेल तर ज्या प्रणालीवर परीक्षा, तिच्यावरच सराव हवा. आणि प्रिंटर! गावोगावच्या दुकानांत दिसणारा कॅननचा छोटा एलबीपी २९०० लिनक्सवर चालवायला बरीच खटपट पडते, तर एचपीचे पुष्कळसे प्रिंटर जोडल्याबरोबर ओळखले जातात. तेव्हा प्रिंटरचं नाव यादीत लिहाच.

आजी, लेक आणि नात

आता निवडीकडे वळू. घरगुती वापरासाठी ज्यांचा विचार करावा त्यांतल्या बऱ्याच जणी एकाच घराण्यातल्या आहेत. आजीचं नाव 'डेबियन'. इयान मरडॉक या तरुणाने १९९३ मध्ये ती सुरू केली आणि तिच्या नावात आपल्या नावाआधी आपल्या मैत्रिणीचं, डेब्राचं नाव गुंफलं. पुढे दोघांचं लग्नही झालं. डेबियन म्हणजे खरी घरंदाज आजी, न बोलता वर्षानुवर्षं राबणारी. पण नवख्या सुनेला ती आपणहून फारसं काही दाखवून देत नाही.

तिची लेक 'उबंटू', २००४ सालची. दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थ यांनी काढली. 'उबंटू' हा तिकडच्या भाषांतला शब्द, माणसाचं माणूसपण इतरांमुळेच आहे अशा अर्थाचा. सुरुवातीच्या काळात ही मंडळी जगभर कुणालाही फुकट सीडी टपालाने पाठवत. उबंटू आजही सगळ्यांत जास्त नावाजलेली आहे आणि अडलं तर उत्तर सापडतं ते बहुधा तिच्याच नावानं. मात्र तिच्या पडद्याची मांडणी विंडोजपेक्षा निराळी, उभी पट्टी डावीकडे. सवय होते, पण सासूबाईंना होईल का? शिवाय २०२४ च्या तिच्या आवृत्तीलाच ४ जीबी मेमरी किमान लागते, म्हणजे आपल्या जुन्या यंत्राचा श्वास तिथेच कोंडतो.

नात म्हणजे 'मिंट', २००६ सालची. क्लेमेंट लफेव्र यांनी सुरू केलेली. माझं मत विचाराल तर जुन्या विंडोजवरून येणाऱ्या घरासाठी हीच. खाली आडवी पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. वहिनींच्या सासूबाई पहिल्या सकाळी कीर्तन लावून बसल्या आणि म्हणाल्या, "मले तं काई येगळं नाई दिसलं." यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र ते कोणतं! आणि गंमत म्हणजे हिचा सगळा कारभार स्वयंपाकघरातला. मिंट म्हणजे पुदिना, आणि तिच्या मुख्य रूपाचं नाव सिनॅमन, म्हणजे दालचिनी. आवृत्त्यांना सगळी बायकांचीच नावं: पहिली 'एडा', आणि २२ व्या मालिकेत 'विल्मा', 'झारा' वगैरे.

मेमरी ८ जीबी असेल तर दालचिनी घ्या. ४ जीबी असेल तर मिंटचंच 'एक्सएफसीई' नावाचं हलकं रूप घ्या. दिसायला थोडं साधं, पण चपळ. मिंट २२ या मालिकेची देखभाल २०२९ पर्यंत होणार आहे, हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. 'फेडोरा' नावाची एक चांगली, पुढारलेली प्रणाली आहे. पण तिच्या प्रत्येक आवृत्तीला जेमतेम तेरा महिने मिळतात. दरवर्षी घर बदलायची हौस ज्यांना आहे त्यांना ती लखलाभ.

'झोरिन' हे आयर्लंडमधल्या दोघा भावांचं काम. त्यांची १८ वी आवृत्ती नेमकी विंडोज १० निवृत्त झालं त्याच दिवशी आली, म्हणजे दुकान कधी मांडावं हे त्यांना कळतं! दिसायला देखणी, मिंट नाहीच आवडली तर हिला पाहा. तिचा एक प्रकार विकतचाही आहे. मोफत असलेला पुरतो. आपल्या सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली 'बॉस' ही डेबियनवरच बेतलेली, भारतीय भाषांची सोय ध्यानात घेऊन केलेली. देशी म्हणून जीव ओढतो खरा, पण अडल्यावर सांगणारं माणूस मिंट-उबंटूला जितक्या लवकर भेटतं तितकं तिला भेटत नाही.

एक चुलत घराणंही आहे, बीएसडीचं. युनिक्सचीच ही शाखा कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात वाढली आणि तिच्यातून १९९३ मध्ये 'फ्रीबीएसडी' निघाली. नेटफ्लिक्सची मालिका तुमच्या घरी पाठवणारी यंत्रं हिच्यावर चालतात, इतकी ती खंबीर. पण घरी बसवली की पुढ्यात येतो नुसता काळा पडदा. खिडक्या, मेनू, चित्रं सगळं आपण एकेक करून मांडायचं. लॅपटॉपच्या वायफायचाही भरवसा नाही. चिरंजीवांना शिकायची आवड असेल तर त्यांच्यासाठी वेगळं यंत्र द्या, घरच्या यंत्राला हात लावू देऊ नका.

मराठीचं काय?

हा प्रश्न मला हमखास विचारतात. उत्तर समाधानकारक आहे. देवनागरीचे 'लोहित' नावाचे टंक रेड हॅट या कंपनीने काढले आणि मोकळे दिले. लिनक्सवर मराठी नीट दिसतं त्यात त्यांचा मोठा वाटा. टायपिंगसाठी कळफलकाच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट निवडायचं. सरकारनं प्रमाण ठरवलेला हाच कळफलक आहे, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं. आठ-दहा दिवस रोज अर्धा तास बसलात तर बोटं आपोआप जातात. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायची सवय असेल तर 'आयबस' नावाच्या सोयीतून 'गमभन' घ्या. लिबर ऑफिसचे मेनूसुद्धा मराठीत करून घेता येतात, पण ते मी सुचवणार नाही. शिकवणारे सगळे इंग्रजी नावंच घेतात आणि मग आपण शोधत बसतो. शाळेत, ग्रामपंचायतीत फाइल द्यायची असेल तर वर्डच्या स्वरूपात जतन करायची, नाहीतर सरळ पीडीएफ करायची.

शिकायला दूर जावं लागत नाही. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचे छोटे छोटे ध्वनिचित्रपाठ केले आहेत, लिनक्सचे आणि लिबर ऑफिसचेही, आणि त्यांतले कितीतरी मराठीतून ऐकता येतात. दुपारची निजानीज झाली की एक पाठ, एवढं पुरे. केरळातल्या सरकारी शाळांत मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच संगणक शिकत आली आहेत. आपल्याकडे २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात-धनगरवाडा इथल्या एकशिक्षकी शाळेत मुलांना छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप दिले होते. त्यांच्या आतही लिनक्सच होतं, आणि त्या लेकरांना ते अवघड आहे हे कुणी सांगितलेलं नव्हतं. अवघड जातं ते आपल्याला, कारण आपली बोटं जुन्या जागी जातात.

आधी चाखा, मग ताटात वाढा

लिनक्सची ही एक फार सोयीची गोष्ट आहे: बसवण्याआधी ते नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतं, आतल्या डिस्कला धक्का न लावता. ८ जीबीचा कोरा पेनड्राइव्ह घ्या. मिंटची प्रत तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. सुमारे ३ जीबीची असते, तेव्हा फोनच्या दिवसाच्या डेटावर भागणार नाही. 'रूफस' किंवा 'एचर' या छोट्या कार्यक्रमाने ती पेनड्राइव्हवर चढवायची, संगणक बंद करून पुन्हा सुरू करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकी तुमच्या कंपनीची जी कळ असेल ती दाबायची आणि पेनड्राइव्ह निवडायचा. बस, मिंट समोर. पेनड्राइव्हवरून ती मंद चालते, त्यावरून मत बनवू नका. मात्र आवाज येतो का, वायफाय जोडलं जातं का, प्रिंटर छापतो का, कॅमेरा दिसतो का, बँकेचं पान उघडतं का, हे सगळं त्याच दुपारी बघून घ्या. यादीतलं एखादं काम अडलं तर पेनड्राइव्ह काढायचा. विंडोज जसंच्या तसं.

अधिकृत संकेतस्थळ म्हटलं तरी डोळे उघडे हवेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरट्यांनी मिंटच्याच संकेतस्थळात घुसून खऱ्या प्रतीच्या जागी बनावट प्रतीचा दुवा ठेवला होता. लवकर उघडकीस आलं, पण तेव्हापासून मी प्रतीचा पडताळणी-आकडा जुळवल्याशिवाय पुढे जात नाही. रीत तिथेच लिहिलेली असते. घरातल्या कॉलेजवाल्याला हे काम द्या.

आता सगळ्यांत मोलाचं. बसवण्याच्या आदल्या दिवशी लग्नाचे, बारशाचे, गेलेल्या माणसांचे फोटो आणि गटाचे हिशेब दोन वेगळ्या जागी उतरवून घ्या, आणि ते दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. नुसती फाइलींची नावं दिसली म्हणजे झालं असं नाही. बसवताना प्रणाली विचारते, विंडोजच्या शेजारी राहू की सगळी डिस्क पुसून राहू? ज्या मुलाला बसवायला बोलावलं असेल त्याला दुसरंच सोपं वाटतं, कारण त्यात वेळ कमी जातो. त्याच्या शेजारी बसून राहा, बरं का. डिस्कवर जागा असेल तर पहिले सहा महिने दोन्ही शेजारी ठेवा. सुरू करताना कुठली हवी ते विचारलं जातं. सहा महिन्यांत विंडोजकडे गेलाच नाहीत, तर मग पुसायचा विचार करा.

यंत्र फारच रेंगाळत असेल तर जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी घाला. नव्या संगणकाच्या मानाने खर्च किरकोळ, आणि फरक असा की झाकण उघडून बघणाऱ्या त्या मुलालाही पटेल. विषाणूविरोधी सॉफ्टवेअर दरवर्षी विकत घ्यायची गरज घरगुती लिनक्सला सहसा पडत नाही. कोपऱ्यात ढालीची खूण दिसते, तिच्यावर टिचकी मारून सुधारणा घेत राहायच्या, की झालं. 'टाइमशिफ्ट' नावाची सोय मिंटमध्येच असते, ती सुरू करून ठेवा. सुधारणेत काही बिनसलं तर प्रणाली आदल्या दिवसासारखी परत करता येते. तुमचे फोटो मात्र ती आपणहून सांभाळत नाही. आणि "बँकेतून बोलतोय, ओटीपी सांगा" म्हणणाऱ्यापुढे कुठलीच प्रणाली चालत नाही, तिथे फोनच ठेवून द्यायचा.

काम झालं की तो पेनड्राइव्ह पुसू नका. विंडोजची चोरून उतरवलेली प्रत आपल्या गावांत सर्रास फिरते, तशी ही नव्हे. हिची प्रत काढून दुसरीला द्यायला परवान्यातच मुभा आहे. वहिनींचा पेनड्राइव्ह आतापर्यंत गटातल्या दोघींकडे जाऊन आला. लोणच्याच्या बरणीवर लावतो तशी त्याला एक चिठ्ठी चिकटवली आहे: मिंट २२, एक्सएफसीई, २०२९ पर्यंत चालेल, परत आणून द्यावा.